पुढचा दरवाजा

(रविवारची सकाळ. सुरुची आणि तिचा नवरा सौमित्र यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी धुतली आहे. वॅक्स लावण्याआधी सुरुची पत्र्यावरून क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा, फिरवते आहे.)

सुरुची: नाही रे, इथेच खरखरतंय. या पुढच्या दरवाजावर. बाकी सगळं काचेसारखं झालं.

सौमित्र: साबणपाणी कमी पडलं असेल.

सुरुची: भरपूर मारलंय. धूळ नाही ही, रंगाचे कण आहेत. हा दरवाजा नंतर रंगवलाय.

सौमित्र: मग, स्वारगेटला तुझ्या हातून गाडी घासली, ते नाही का?

सुरुची: तेव्हा मागचा दरवाजा म्हणाला होतास. बस घासून गेली आणि मला कळलंसुद्धा नाही, म्हणून.

सौमित्र: अगं, खांबाला घासल्यावर एकच दरवाजा कसा जाईल? दोन्ही गेले होते.

सुरुची: कुठल्या खांबाला?

सौमित्र: बसला म्हणायचं होतं मला.

सुरुची: सौमित्र, कोण चालवत होतं?

सौमित्र: मी. आदल्या दिवशी, ऑफिसच्या बेसमेंटमध्ये. ती बाजू भिंतीकडे करून लावली, सकाळी तू तशीच घेऊन गेलीस. संध्याकाळी आलीस तेव्हा बाबा खाली उभे होते. त्यांच्या हौसेची गाडी. माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तुला ते बोलत नाहीत, मला सोलून काढतात.

सुरुची: त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. सासवडच्या कॉलेजातली नोकरी सोडली. घाटात माझ्या हातून कुणीतरी जाईल असं वाटायचं मला. तू म्हणालास, बरं केलंस.

सौमित्र: सांगणार होतो गं. मग राहूनच गेलं.

तात्याराव (सौमित्रचे वडील, खाली येत): चहा आणलाय. का थांबलात दोघं?

सुरुची: बाबा, तेव्हा गाडी यानं ठोकली होती. मी नाही.

तात्याराव: हं.

सुरुची: हं म्हणजे?

तात्याराव: त्याच आठवड्यात कबूल केलं होतं त्यानं माझ्यापाशी.

सुरुची: तुमच्यापाशी.

तात्याराव: मीच म्हणालो, आता राहू दे. तू घरी थांबायला लागली होतीस. माझं जेवणखाण वेळेवर होत होतं. घराला घरपण आलं होतं.

सुरुची: राजीनामा दिला त्या दिवशी तुमच्या शेजारी बसून रडले होते मी.

तात्याराव: वाईट मलाही वाटलं होतं, सुरुची.

सुरुची: म्हणून डोक्यावरून हात फिरवलात होय.