लाल चौकोन यायच्या आधी

— नाही गं, घाई कसली, काका केस कापायला गेलेत, येतील इतक्यात. पलीकडे त्यांच्या घराला कुलूप आहे, किल्ली ही बघ माझ्या खिळ्याला. जिन्यात उभी राहून काय करशील, बस इथे. मॅडम म्हणायचं का तुला? माझ्या भाचीएवढी दिसतेस, मी आपली पोरी म्हणते, राग मानू नकोस. चहा टाकू? बरं, राहिला. पण तू तर म्हणाली होतीस की दोनदाच यायचं असतं, काम संपलं — मग आज पुन्हा लॅपटॉप घेऊन? आकडे जुळत नाहीत म्हणजे? चांगले आलेत ना? चांगले आले तरी तुमची अडचण आणि वाईट आले तरी अडचण, कसली गं ही नोकरी.

मला कळतं सगळं, पहिल्या वेळी मी बसले होते की मागे, काजाबटणाचं काम घेऊन. लॅपटॉपवर हिरवा गोल आला की बटण दाबायचं, लाल चौकोन आला की हात आवरायचा. खेळ सगळा हात आवरण्याचा. मी तर मनातल्या मनातच किती वेळा दाबून बसले. आणि काका एकदाही नाही. हळू दाबतात, हो, ते तू तेव्हाच बोललीस, पण चुकत नाहीत — टेलर माणूस आहे, कापड एकदा कापलं की कापलं. मीच त्यांच्या मुलाला फोन केला संध्याकाळी. म्हटलं, संशोधनवाल्या बाईंनी तपासलंय, तुझ्या बापाचं डोकं तुझ्यापेक्षा जाग्यावर आहे. हसला. तो काकांना घेऊन जायला, त्यांचं घर बंद करायला निघालाच होता — थांबला.

असं का बघतेस? सांगायचं नव्हतं का? म्हणजे शेकडो माणसांचं एकत्र बघायचं असतं, एकट्याचा निवाडा त्यावर करत नाहीत... हे मला कोण सांगणार बाई, मी सातवी पास. मला वाटलं परीक्षा म्हणजे परीक्षा, पास ते पास. तसे ते ठीकच आहेत. गॅस एकदा राहिला चालू, बस. बरं, एकदा नाही. पण माझं नाक आहे ना भिंतीपलीकडे, मी जाते, बंद करून येते. त्यांना कळतही नाही मी येऊन गेलेली.

आवाज? कसला आवाज? — तुमचं यंत्र आवाजही टिपतं होय. हे आधी नाही सांगितलंस. सांगितलं होतंस? असेल, मी तेव्हा तुझ्या कानातले बघत होते.

टक. हं. ते मी. ही बघ, बोटात आहे आत्ताही — पितळी टोपी, सुई टोचू नये म्हणून घालतात ती. काकूंची आहे. काका कात्री उचलायचे की काकू समोरून टेबलावर टोपी वाजवायच्या, टक. म्हणजे थांबा, माप पुन्हा बघा. भांडण असलं, अबोला असला, तरी टक व्हायचीच. ती वाजल्याशिवाय काकांची कात्री कापडाला लागली नाही कधी, अख्खं दुकान असं चाललं. आणि काकू जायच्या आधी, त्या आजारपणात, ही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, हे आपले आपण थांबायचे नाहीत, तू भिंतीवर वाजवत जा. तेव्हापासून वाजवते. पलीकडे काडी ओढल्यासारखं वाटलं की टक. रात्री दाराची कडी वाजली की टक. थांबतात गं. कधीकधी म्हणतात, बरं बरं, बघतो पुन्हा — माझ्याशी नव्हे, तिच्याशी. मी आपली भिंतीच्या ह्या बाजूला गप्प बसते.

तर त्या दिवशी लाल चौकोन दिसला आणि हात आपसूक गेला खुर्चीच्या दांडीवर. मुद्दाम नाही. म्हणजे पहिल्यांदा मुद्दाम नाही. नंतर... नंतर मुलाचा आधीचा फोन आठवला, बाबांना घेऊन जातो म्हणालेला. आता तूच सांग, काका गेल्यावर ह्या भिंतीपलीकडे कोण राहणार माझ्या?

बरं, खोडून टाक तो निकाल. माझाच आहे तो, त्यांचा नाही. दुसरा धर, दुसऱ्या वेळी मी नव्हतेच — ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तिच्याकडे राहायला गेले होते, टोपी पिशवीत. तोच धर. त्यातही चुकले नाहीत ना? सरावाने सुधारतात माणसं, तूच म्हणाली होतीस.

त्यातही आहे? काय आहे?

काका वाजवत असतील. नाही — दोन्ही हात बटणांवर ठेवायला तूच लावलं होतंस, खरं. मग तू? पेन वगैरे? लाव बघू. मोठ्याने लाव.

...

पुन्हा लाव.

माझी टक चौकोन दिसल्यावरची आहे, पोरी. मी बघणार, मग वाजवणार. ही तर चौकोन यायच्या आधीच होतेय. प्रत्येक वेळी? आणि चौकोन कधी येणार ते यंत्रालाच ठाऊक, तुलाही नाही. हो ना?

तू याचा काय अर्थ लावणार? कोणत्या रकान्यात घालतात असलं? हसू नकोस, मी खरंच विचारतेय. बरं, हसत नाहीयेस.

ऐक, माझं चुकलंच. मी मुलाला आत्ता फोन करते, सगळं सांगते — गॅसचं, टोपीचं, येऊन घेऊन जा म्हणते. एखाद्या दिवशी माझं नाक चोंदलेलं असलं, मी बाजारात असले, तर? तूही थांब, तू बोल त्याच्याशी, शिकलेल्या माणसाचं ऐकेल तो. चष्मा कुठे गेला... हा नंबर, हा —

...

तू वाजवलंस?

माझा हात हा बघ, मांडीवर आहे. भिंतीपलीकडून आली ही टक. आणि किल्ली — किल्ली खिळ्यालाच आहे ना? वळून बघ, मला नाही बघवत.

नको. फोन राहू दे. तू ये आता. चपला हातात घेऊन जा, आणि दार ओढू नकोस, नुसतं टेकव.