टीव्हीत माझ्या बाजूला बसलेली बाई

...आनि बरोब्बर तिथंच कापतात वो! बरोब्बर तिथंच! पोरगी वर चढलीय, डोळे मिटलेत, आपन इकडं श्वास धरून बसलोय की आता ही खाली उतरनार, समेवर येनार, आता येनार, आता... की धाडकन् साबन! कपड्याचा साबन! एक बाई बादली घेऊन नाचते, तिचा नवरा मळका शर्ट घेऊन नाचतो, आनि साबन संपला की परत आलं म्हनावं गान्यावर, तर तिथं गानं संपलेलं, परीक्षक रुमाल काढून रडतायत! आरं, तुमी कशाला रडता? तुमी ऐकलंय! रडायचं तर आमी! आरं, पुरं गानं तर ऐकू द्या!

तुमाला सांगतो, मी गजानन, कडावचा, गजा म्हनतात सगळे. खोपोलीच्या कारखान्यात जन्म काढला, मशीनचा आवाज ऐकून कान असे झालेत की मला गानं जरा मोठ्यानंच लागतं. आमची बायको, आनंदी, होती तवा म्हनायची, ‘टीव्ही बारीक करा, म्हशी बुजतात.’ आता आनंदी नाय, म्हशी नाय, तर करतो आपला मोठा. शेजारची गोदूबाई कुडावरनं ओरडते, ‘गजाभावजी, बारीक करा वो!’ मी मुद्दाम थोडा आनखी वाढवतो. का? आवो, ती परत ओरडते ना! संध्याकाळच्या वक्ताला आपल्या नावानं कोन ओरडलं तर बरं वाटतं मानसाला. नाय तर दिवसभर मी आनि भिंतीवरची पाल. आनि पाल काय बोलत नाय, फक्त चुकचुकते.

मुलगा हाय, नाय असं नाय. योगेंद्र. पुन्यात. मोठ्या कंपनीत. फोन येतो ना, येतो. ‘बाबा, जेवलात? गोळी घेतली? बरं ठेवतो, मीटिंग आहे.’ मी ‘हां’ म्हनेपर्यंत तिकडं टुं टुं टुं. एकदा मी मुद्दाम म्हनलं, ‘नाय जेवलो.’ तर म्हनतो, ‘बरं, ठेवतो.’ म्हंजे बघा!

तर तो शनवारचा गान्याचा कार्यक्रम. त्यात ती सांगलीकडची पोरगी. काय गळा हाय वो! जुनं गानं घेते, हळू हळू असं उलगडते, घडी घातलेलं लुगडं उलगडावं तसं, आनि पदर यायच्या टायमाला हे साबनवाले! पोरीचं एक गानं मी अख्खं ऐकलं नाय. एक! आनि एक दिवस कर्जतच्या नवीनचा मेसेज फिरत फिरत माझ्या मोबाइलवर आला. नवीन म्हंजे तो शूटिंगला पब्लिक पुरवतो, टाळ्या वाजवायला. ‘गाण्याच्या शोसाठी ज्येष्ठ नागरिक पाहिजेत. पांढरे कपडे नकोत. औषधे सोबत आणावीत.’ मी म्हनलं, गजा, देव पावला! कर्जतलाच स्टुडिओ, समोर बसून ऐकू, तिथं कुठला साबन नि कुठली बादली?

गेलो. निळा शर्ट, इस्त्री केलेला, मीच केली, कॉलर जराशी करपली ती आत दुमडली. कर्जतच्या चार फाट्यावरनं बसमधी भरलं आमाला आनि आत नेऊन मोबाइल काढून घेतले. एसी असा की दाढा वाजायला लागल्या. आनि तो नवीन, गळ्यात पट्टा, हातात वॉकीटॉकी, मला बघितलं न् बघितलं नि म्हनतो, ‘काका, एकटेच का? एकटा माणूस स्क्रीनवर डल दिसतो हो! फॅमिली पाहिजे, फॅमिली! चाची, तुम्ही इकडे या. बसा काकांच्या बाजूला. जवळ! अजून जवळ! अहो भांडण झालंय का तुमचं?’

आनि बसवली की वो एक बाई माझ्या बाजूला!

मी असा आकसलो! तीच म्हनाली, ‘घाबरू नका भाई. मी झोहरा, खोपोलीची. ह्या नवीननं मला आजपर्यंत इतक्यांची बायको केलीय की माझा मानूस वर बसून हिशोब विसरला असंल.’ अंगावर शाल, डोक्यावरनं ओढनी, पिशवीत डबा, पान्याची बाटली, सगळा सरंजाम! म्हनाली, ‘नवे दिसता. शाल आनली नाय? बरं, ही घ्या अर्धी. आनि ऐका, तो मुंडी हलवील तसं हसायचं, हात वर केला की टाळ्या. गानं ऐकत बसू नका, चुकाल.’

गानं ऐकत बसू नका! आवो, मी आलोय कशाला?

आनि मग सुरू झालं. स्टेजवर चिटपाखरू नाय, पोरगी नाय, पेटीवाला नाय, आनि नवीन ओरडतो, ‘टाळ्या!’ आमी टाळ्या. ‘अजून खूश!’ आमी अजून खूश. ‘आता थक्क व्हा! वाह म्हणा! तोंड उघडं!’ आमी तोंडं उघडून रिकाम्या स्टेजकडं बघतोय! एका आजोबांचं तोंड मिटंच ना, ते मिटवायला मानूस लागला. शेवटी आली ती पोरगी. लहानशी हाय वो, टीव्हीत मोठी दिसते. माझं काळीज असं धडधडलं! सूर लावला, पहिली ओळ... ‘कट!’ का? तर लाइट. परत पहिली ओळ. ‘कट!’ का? तर परीक्षकाची शिंक. परत पहिली ओळ. तुमाला सांगतो, ती पहिली ओळ मला आता झोपेतनं उठवलं तरी म्हनता येईल, पन दुसरी काय हाय ते देवाला ठाऊक. आरं, पुरं गानं तर ऐकू द्या!

मधी सुट्टी झाली तवा झोहराबाईनं डबा उघडला. घावन आनि लसनीची चटनी. म्हनाली, ‘खा. एकटीसाठी करायचा कंटाळा येतो, पन शूटिंगच्या दिवशी करते. कोन ना कोन खानारा भेटतो बाजूला.’ मी खाल्लं. लाजलो, पन खाल्लं, चांगलं पोटभर खाल्लं. लय दिवसांनी दुसऱ्याच्या हातचं. मी इचारलं, ‘तुमाला गान्याचा नाद?’ तर म्हनते, ‘छे! मला काय कळतंय त्यातलं. घरात घड्याळाचा आवाज येतो ना भाई, तो नको वाटतो. इथं मानसं असतात.’ मी आपला घावनाचा तुकडा चटनीत बुडवला.

मग परत आत. नवीन म्हनतो, ‘आता इमोशनल घेऊ! काका-चाची, क्लोजअप आहे तुमचा, रडायचंय!’ मी म्हनलं, ‘कशावर?’ ‘अहो गाण्यावर!’ ‘गानं कुठाय?’ ‘गाणं नंतर लावू!’ आता रडू काय नळ हाय का वो, पिळला की आलं? मी तोंड वाकडं केलं, नवीन ओरडला, ‘काका, दात दुखतोय असं वाटतंय!’ झोहराबाई हळूच म्हनाली, ‘असं नाय येत. मी काय करते सांगू? माझा अरबाज कुवेतला गेला तवा विमानतळावर काचेच्या पलीकडं गेला नि त्यानं वळून हात केलाच नाय, विसरला पोर घाईत... ते आठवते. लगेच येतं. तुमचं हाय का तसं कायतरी?’

आता काय सांगू तुमाला... हाय की. आनंदी दवाखान्यात होती तवा मला म्हनाली, ‘जा घरी, तुमचा गान्याचा कार्यक्रम लागंल आता.’ आनि मी म्हनलं, ‘बरं.’ गेलो नाय मी! तिथंच बसलो, बाहेर बाकड्यावर. पन ‘बरं’ म्हनलो ना. तिला वाटलं असंल, गेला.

आलं वो! असं आलं, असं आलं की थांबंना! नवीन खूश, ‘सुपर काका! होल्ड! होल्ड!’ आरं, होल्ड काय, ते काय ट्रकचं ब्रेक हाय? नवीननं ‘कट’ म्हनलं, लाइट गेले, मी आपला हुंदके देतोय. झोहराबाईनं माझ्या अंगावरच्या शालीचं टोक घेतलं, माझे डोळे पुसले, खांद्यावर हात ठेवला नि म्हनाली, ‘होतं तसं. पयल्या दिवशी माझंबी असंच झालं होतं.’

संध्याकाळी परत त्याच चार फाट्यावर उतरलो. पोरीचं गानं? नाय. बाकीचं गानं पब्लिक नसताना घेनार म्हने! आमी भिंतीकडं बघून रडायचं, ती भिंतीकडं बघून गानार! झोहराबाई खोपोलीच्या रिक्षात बसली, म्हनाली, ‘येते भाई. या परत शूटिंगला.’ मी म्हनलं, ‘हां.’ नंबर मागावा असं मनात आलं, पन कसा मागनार? रिक्षा गेली. खांद्यावर बघतो तर शाल माझ्याकडंच!

बरं, आता टीव्हीवर दिसनार म्हंजे गावाला सांगायला नको? दूध डेरीवर सांगितलं, रेशनच्या लायनीत सांगितलं, खालापूरच्या चुलत भावाला फोन करून सांगितलं, योगेंद्रलाबी सांगितलं, तो म्हनाला, ‘अरे वा, ठेवतो.’ शनवारी माझं घर कधी नव्हं ते भरलं! खुर्च्या पुरंनात, मानसं दारात उभी. गोदूबाई पुढं पाट घेऊन बसलेली. मी चहा ठेवला, आवाज मोठा केला, आनि पयल्यांदाच कोन म्हनलं नाय बारीक करा.

पोरगी आली. पहिली ओळ, ती मी आधीच म्हनून दाखवली लोकांना. दुसरी ओळ सुरू झाली, अख्खं घर गप... आनि पडद्यावर मी! हा एवढा मोठा! ढसाढसा रडतोय! आनि बाजूला झोहराबाई, एकाच शालीत, माझे डोळे पुसते, खांद्यावर हात ठेवते! आरं, तवा तर ‘कट’ म्हनलं होतं! आनि तो सूत्रसंचालक, काळीज पिळवटून म्हनतो काय, ‘आणि हे पाहा रसिकहो! आयुष्यभर एकमेकांचे अश्रू पुसत आलेलं हे जोडपं! यालाच म्हणतात खरी साथ!’

साबन आला. बादली आली. घरात कोनाचा चहाचा घोटसुद्धा वाजंना.

गोदूबाई हळूच वळली. ‘गजाभावजी... वहिनी कवा आनली?’

आता सांगा! मी सांगतोय, ‘आवो, ती नवीननं बसवलेली बाई हाय!’ तर मागनं एक जन म्हनतो, ‘ह्या वयात नवीन बसवली?’ झाला की धुडगूस! मी ओरडतोय, ‘आरं, पुरं गानं तर ऐकू द्या!’ कोन ऐकतो? हसत हसत गेली सगळी घरी. आनि फोन! खालापूरचा भाऊ म्हनतो, ‘पत्रिका तरी पाठवायची.’ डेरीवाला म्हनतो, ‘उद्यापासनं दूध वाढवू का?’ आनि मग योगेंद्र. आवाज असा, साहेबाचा. ‘बाबा. ती बाई कोण?’ मी म्हनलं, ‘आरं ती...’ ‘नाही, फोनवर नको. मी आणि रुचिता उद्या येतोय.’

येतोय! तुमाला सांगतो, गेल्या दिवाळीला ये म्हनलं तर आला नाय, ताप आला तवा आला नाय, कौलं बदलायला बोलावलं तर कौलांचे पैसे पाठवले. आनि आता, ती बाई कोन म्हनून, उद्या!

आले. सकाळीच गाडी दारात. सूनबाईनं मिठाई आनलेली, कुठल्या हिशोबानं आनली देव जाने. योगेंद्र घरभर फिरतोय, खुंटीवरची शाल बघतोय, स्वयंपाकघरात किती ताटं हायत बघतोय. ‘बाबा, आमची हरकत नाही. पण निदान सांगायचं तरी.’ मी तोंड उघडलं खरं सांगायला. आनि तेवढ्यात तो माझ्या बाजूला बसला. बाजूला! खाटेवर! म्हनाला, ‘तुम्हाला करमत नाही का बाबा इथं?’

...हे कोनी इचारलं नव्हतं वो मला. जेवलात का इचारतात. गोळी घेतली का इचारतात.

मी म्हनलं, ‘सांगतो. आधी जेवू.’

मग काय सांगू! रुचितानं भाकरी केल्या, वाकड्या झाल्या, हसली. योगेंद्र मला घेऊन बांधावर गेला, त्याच्या शाळेतल्या पोरांच्या चौकशा केल्या, आईच्या गोष्टी काढल्या, मला म्हनाला, ‘बाबा, तुम्ही रडताना मी कधी बघितलंच नव्हतं.’ मधी मधी हळूच, ‘मग, बोलणं कधीपासून आहे?’ मी म्हनायचो, ‘सांगतो रं, सांगतो.’ जेवलो, सुपारी खाल्ली, पुढच्या पडवीत तिघं बसलो. असं वाटलं, हा दिवस कोनी कापू नये.

पन मी म्हंजे मूर्ख मानूस. दुपारच्या चहाला पोराचं तोंड बघवलं नाय मला. काळजीनं एवढंसं झालेलं. सांगून टाकलं सगळं. नवीन, वॉकीटॉकी, घावन, कट, सगळं. आई कशी आठवली तेवढं नाय सांगितलं. दोघं एवढी हसली, एवढी हसली की रुचिताच्या डोळ्यांतनं पानी! योगेंद्रनं मोठा श्वास सोडला नि म्हनाला, ‘बाबा, जीवच घेतलात! म्हणजे तसं काहीच नाही ना? मग काय टेन्शन नाही!’ आनि उठला. उठला तो गाडीची चावी हातात! ‘चला निघतो, घाटात ट्रॅफिक लागेल. जेवून घ्या, गोळी घ्या!’ वळली गाडी, गेली.

आनि मी पडवीत, तीन कप घेऊन.

चुकलंच वो माझं... रात्रीच्या जेवनापर्यंत तरी ते लग्न टिकवायला पायजे होतं!