पडद्यावर गाळलेले सहा महिने

प्रिय ईशान आणि मीरा,

रविवारी फोनवर तुम्ही दोघं आजीला त्या सिनेमाबद्दल सांगत होतात. क्लबात नाचणारी तरुण मुलं, पावडर, रंगीत दिवे. फसलेला आहे, अर्ध्यातच बंद केला, म्हणालात. तो सिनेमा आपल्याकडेही येऊन गेला. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या कमलबाईंनी तो लातूरला थेटरात बसून शेवटपर्यंत पाहिला होता. तुमचा फोन झाल्यावर मी त्यांना त्याबद्दल विचारलं आणि त्या पोळ्या लाटता लाटता बोलत राहिल्या. नाव बदलून लिहू का, असंही विचारलं. आता झाकायचं काय राहिलंय, म्हणाल्या. त्यांचा मुलगा नितीन तुमच्याच वयाचा आहे, म्हणून आत्ताच लिहून पाठवते. पुढचे शब्द त्यांचे आहेत.

बाई, महं माहेर हदगावकडचं. शाळा चौथीपतुर, मंग कापूस येचायला. लग्न होऊन मुदखेडला आले. मालक रेल्वेच्या रुळावर कामाला, माणूस चांगला पण बोलणं कमी, दिवसभर उन्हात राहिलेला माणूस घरी येऊन काय बोलल. आम्हाला एकच लेकरू, नितीन. दहावीला लई चांगले मार्क पडले अन् तिथंच सगळं सुरू झालं बगा. जो येईल तो म्हणायचा, लातूरला क्लासला टाका, डॉक्टर होतंय पोरगं. मालक म्हणले, एकट्याला कसं टाकायचं, तू जा संगं. म्हणून मी गेले.

काय सांगू तुम्हाला, आमची ती लातूरची गल्ली म्हंजी निस्त्या आयाच आया. एकेका खोलीत एक आई अन् एक लेकरू, नवरे आपापल्या गावाला. रविवारी यायचे ज्वारीचं गठुडं घेऊन पाव्हण्यावाणी, चप्पल कुठं काढू इचारायचे. आम्ही हसायचो. मी पोरांचे डबे करायला लागले. शेजारच्या खोलीत उदगीरच्या शहनाजभाभी, त्यांची पोरगीबी क्लासला. भाभी लई बोलक्या. मह्या पोळ्या बघून म्हणायच्या, कमल, ये रोटी है की चांद है गे? अन् मग दोन खाऊनच जायच्या.

पहिलं वरीस बरं गेलं. दुसऱ्या वरसाला नितीन च्यात साखर लई मागायला लागला. आई, अजून टाक, अजून टाक. मला वाटलं अभ्यासानं डोकं थकत असंल. निजायचा लई. नाक खाजवत बसायचा, पुस्तक उघडं अन् डोळे मिटलेले. एक दिवस भाभी वर गच्चीवर कपडे वाळू घालायला गेल्या अन् खाली आल्या त्या गपच. भाभी अन् गप, मला तर भ्याच वाटलं. म्हणल्या, कमल, तुमारे घर में खांसी किसकू है? मी म्हणले, कुणालाच न्हाई, कामून? त्यांनी मला वर नेलं. पाण्याच्या टाकीमागं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, रिकाम्या, एकावर एक रचलेल्या. भाभी म्हणल्या, मेरी बेटी बोली, टाकी के पीछे तुमारा नितीन बैठता बोलके.

मालकाला बोलावून घेतलं. त्यांनी मारलं. मारलं अन् स्वतःच रडत बसले, अन् त्या दिवसापासून त्याच्याशी बोलले न्हाईत, आजपतुर न्हाईत. परीक्षा गेली, परत द्यायची म्हणून लातूरलाच राहिलो. डॉक्टरला दाखवून झालं, भाभीनं दर्ग्यावर नेऊन दोरा बांधला, मह्या भावानं देवऋषी आणला. नशा सोडवायच्या एका सेंटरात ठेवला. तिथून आला की चार दिवस घरात झाडून काढायचा, पाणी भरायचा, मला म्हणायचा आई तू बस. मंग परत तेच. बाटल्या न्हाई भेटल्या की गोळ्या. नशा करायला पोरं मुंबईला जातात म्हणतात, आमच्या गल्लीत तर खोकल्याच्या औषधातच होती.

तवाच तो सिनेमा आला. क्लासच्या सरांनी पालकांच्या सभेत सांगितलं, एक पोरगं नशेतून कसं भाईर येतंय ते दाखवलंय, सगळ्यांनी लेकरांना घेऊन जा. मी तर तेवढंच धरून बसले. कसं भाईर येतंय ते दाखवलंय. डॉक्टरनं सांगितलं न्हवतं, सेंटरवाल्यानं सांगितलं न्हवतं, ते दाखवणार. आमच्याकडं पिणाऱ्याला कीर्तनाला नेऊन बसवतात, चार माणसांसमोर ऐकलं की सुटतंय म्हणतात, मला वाटलं हे तसंच. नितीनला सकाळी आंघोळ घातली, म्हंजी करायला लावली. देवापुढं उभं केलं, पेपरला जाताना देतात तसं हातावर दही-साखर दिली. त्यानं चाटली. हसला न्हाई, काही न्हाई. आई म्हणती तर चल, म्हणला. भाभीबी आल्या, धुतलेला बुरखा घालून, मन्नतीला निघाल्यावाणी.

आता काय सांगू, बाई. सुरुवातीपासून निस्तं नाचणं. निळा उजेड, लाल उजेड, छातीत धडधड व्हावी असला बाजा. पोरी उघड्या, पोरं तेलकट, आरशावर पावडर टाकून वढायचे अन् परत नाचायचे. गाड्या पळवायचे. भाभी मह्या कानात, अगे, इनके घर में खाना कौन पकाता की? अन् खरंच बाई, आख्ख्या सिनेमात कुणी जेवलंच न्हाई. मी डबेवाली, मला ते लई खटकलं. त्या पोराची आई दोनदा फोनवर दिसली, सोफ्यावर बसलेली. बेटा कैसे हो, अन् फोन बंद. मागची पोरं शिट्ट्या मारून राहिली होती. एक जण वरडला, आम्हालाबी न्या की रं तिकडं! सगळे हसले.

मी म्हणलं असू द्या, पुढं हाय ते. मी पदर घट्ट धरून बसले. मंग ते पोरगं पडलं, तोंडाला फेस, दवाखान्याची गाडी. मी नितीनचा हात धरला, म्हणले आता बघ. अन् पडदा काळा झाला. त्याच्यावर काहीतरी लिहून आलं. मी भाभीला इचारलं, काय लिहिलंय? भाभी म्हणल्या, छे महिने बाद.

अन् ते पोरगं डोंगरात, तळ्याच्या काठानं चाललंय. गोरंपान, पांढरा शर्ट. बरं झालं. गाणं लागलं अन् लोक उठले.

बाई, मी उठलेच न्हाई. मला वाटलं चुकून पुढं गेलं, परत दाखवतील. झाडूवाला आला, म्हणला मावशी, संपला. जे बघायला मी गेलते तेच त्यांनी लिहून टाकलं अन् पुढं गेले.

भाईर रस्त्यावर नितीन आपण होऊन बोलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हणला, आई, असं नसतंय. आम्ही कुठं नाचतो. टाकीमागं भिंतीला टेकून बसतो, कुणी कुणाशी बोलत न्हाई. निस्तं वाटतंय, आता आईनं हाक मारू नये.

मी म्हणले, मंग त्या सहा महिन्यांत त्या पोरानं केलं काय रे?

मह्याकडं बघितलंच न्हाई त्यानं. म्हणला, मला काय माहीत. मीबी तेच बघायला आलतो.

भाभी बुरख्याच्या आत रडल्या. मला रडू आलं न्हाई. मला इतकंच कळलं, की लेकराला सुटायचं होतं. मला वाटायचं त्यालाच सुटायला नको हाय, म्हणून सुटत न्हाई. पाहिजे असूनबी सुटत न्हाई, हे मला रस्त्यावर कळलं, अन् बाई, ते कळल्यावर जास्त वाईट झालं. आधी त्याच्यावर रागवायला तरी येत होतं.

त्याच्यानंतर दोनदा सेंटर झालं. आता कुणी न्या म्हणत न्हाई, आम्हीबी नेत न्हाई. लातूरची खोली सोडली, भाभीची पोरगी नर्सिंगला लागली, चांगलं झालं, मी दृष्ट काढून आले. नितीन मुदखेडला घरीच असतो. मालक त्याच्या ताटात वाढतात, पण बोलत न्हाईत. मी सकाळच्या गाडीनं तुमच्याकडं येते, चार पोळ्या लाटते, तेवढा वेळ डोकं रिकामं राहतंय.

तुमच्या नातवंडांना सांगा, सुखानं राहा, पोटभर जेवा. मह्या लेकराचं आता काही होईल असं मला वाटत न्हाई. पण मी घरी गेले अन् दाराशी चप्पल वाजली की तो आतून म्हणतो, आई, आलीस का. रोज म्हणतो.