स्लाइडवरचं गाऱ्हाणं

स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांनी एकदा आमच्या आचरा गावात यावं. पर्यटन आराखड्याच्या गावसभेआधी मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांना म्हटलं होतं, "सर, स्लाइडवर चारच शब्द ठेवा." त्यांनी अख्खा शासन निर्णय भिंतीवर चढवला आणि ओळ न ओळ वाचायला लागले. देवळात देवाला गाऱ्हाणं घालताना प्रत्येक मागण्याला सगळे म्हणतात, तसं मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा." मग प्रत्येक ओळीला सगळी सभाच म्हणू लागली. जाळी सुकवायच्या जागेवर पार्किंग होणार, त्यालाही "व्हय म्हाराजा."

साहेब खूश. "पाहिलंत? एकमताने मंजूर."

बाहेर आल्यावर मी शेजारच्या बाबीकाकांना विचारलं, "काका, आता जाळी खंय सुकवतल्यात?"

"थंयच," काका म्हणाले. "देवळात दर वर्सा जेटीसाठी व्हय म्हाराजा म्हणतंव. इली काय जेटी अजून?"