रडायची घाई

हसू नका, पण माझं लग्न एका कन्नड सिनेमामुळे जमलं, आणि मला कन्नडचं एक अक्षर येत नाही.

नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला सहना माझ्याच ऑफिसात होती, आणि आमचं जुळलं होतं. तिचे वडील, अप्पा, म्हैसूरहून आले, आणि मला पारखायला म्हणून थेट सिनेमालाच घेऊन गेले. तिथल्या कन्नड मंडळींनी हॉल घेऊन शो ठेवला होता. सिनेमा होता प्रेमकथेचा, तेलुगूवरून केलेला. मूळ तेलुगू मी पुण्यात टीव्हीवर हिंदी डबिंगमध्ये कितीदा तरी पाहिला होता. म्हटलं, मैदान मारलं!

"समजेल ना?" अप्पांनी हिंदीत विचारलं.

"थोडं थोडं समजतं, अंकल," मी ऐटीत म्हणालो.

मध्यंतरापर्यंत मी अगदी बरोबर जागी हसलो. अप्पा खूश. शेवटी हिरो हॉस्पिटलात पोचला. आता हा जाणार, हे मला पाठच होतं. छाप पाडायची म्हणून मी आधीच रुमाल काढला आणि चांगले हुंदके देऊन रडायला लागलो. डोळे पुसून वर बघतो तर हिरो बोहल्यावर उभा! हॉलभर शिट्ट्या, आणि रडणारा मी एकटा.

सहनाने कपाळावर हात मारला. अप्पा माझ्याकडे वाकले.

"तेलुगूवाला मीही पाहिलाय, त्यात मरतो तो," ते हळूच म्हणाले. "पण आम्ही कन्नड लोक होणाऱ्या जावयाला असं मरू देत नाही."