जंतू झोपलाय, असं मी सांगायचे

मी मूळची जालन्याकडची. लग्न होऊन घाटकोपरला ह्या डोंगरावरच्या वस्तीत आले तेव्हा सतरा वर्षांची, दहावी नापास, आता पन्नाशी पार केली. आमचे हे रिक्षा चालवतात. मला सगळे कमलताई म्हणतात, कारण वीस वर्षं झाली मी आरोग्यसेविकेचं काम करतेय, घरोघर जायचं, कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला हाय का विचारायचं, थुंकीची डबी द्यायची आणि सकाळी भरलेली डबी दवाखान्यात पोचवायची. घाण नाय वाटत का, विचारतात लोक. अहो, वाटायची पहिलं, आता बघूनच सांगते, ही नुसती लाळ हाय, परत खोकून द्या.

तर टीबी कसा समजावायचा हे माझं मीच ठरवलेलं. ट्रेनिंगला चित्रं दाखवायचे, पण चित्रं घेऊन ह्या चढावर कुठं फिरणार. मी सांगायचे, बघ गं, आजारी माणूस खोकला की जंतू हवेत, तुझ्या श्वासातून तुझ्या आत, ही झाली लागण. पण लागण म्हणजे आजार नाय. अंग त्याला घेरून गप बसवतं, मग जंतू झोपतो, तुला खोकला नाय, ताप नाय, तुझ्यापासून कुणाला धोका नाय. बऱ्याच जणांचा जन्मभर झोपून राहतो, पण कुणाकुणाचा, अंग कमजोर झालं की उठतो, आणि उठला की आजार, मग संध्याकाळचा ताप, घाम, वजन उतरतं. म्हून झोपलाय तोवरच गोळ्या घ्यायच्या. बायकांना पटायचं. मलाच पटलं नाय, ते ऐका.

चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनाच टीबी निघाला. सहा महिने औषध घेऊन बरे झाले, त्यांचं काय नाय. पण घरातल्या सगळ्यांना तपासलं, हातावर सुई टोचतात आणि दोन दिवसांनी सूज मोजतात. मुलाला काय नव्हतं, माझ्या आणि सूनबाईच्या, सोनालीच्या हातावर ही एवढी सूज. दोघींच्या छातीचे फोटो साफ, म्हणजे लागण हाय, आजार नाय. आठवड्यातून एकदा गोळ्या, बारा आठवडे. सोनालीला मी दर रविवारी समोर बसवून द्यायचे, तोंड उघडून दाखव म्हणायचे. आणि मी? दोन रविवार घेतल्या, मळमळलं, सोडून दिल्या. काय होतंय मला, इतकी वर्षं डब्या उचलतेय, आणि तो झोपलाय ना, असं माझंच बोलणं मी मला सांगितलं. गोळ्यांच्या कार्डावर बाराही खुणा मीच केल्या, वस्तीतली कार्डं भरायचं काम माझंच होतं.

मग नात झाली, आरोही. तिला मी तेल लावून आंघोळ घालायचे, तोंडाशी तोंड नेऊन गाणी म्हणायचे. मला खोकला सुरू झाला तेव्हा मी बोलले, धूळ हाय, रस्ता खणलाय. ब्लाउज सैल झाले तर बोलले, एवढा चढ-उतार, होणारच. दुसऱ्याच्या घरात हे ऐकलं असतं तर जागेवर डबी काढली असती. शेवटी सोनालीच बोलली, भाकरी थापता थापता, वर न बघता, आई, तुमच्या पिशवीतली एक डबी तुमच्यासाठी कधी काढणार.

काढली. निघाला.

काय सांगू ताई तुम्हाला, माझी मला भीती नव्हती, औषध हाय, बरं होतं माणूस. पण पोरगी आठ महिन्यांची. एवढ्याशा पोरांत जंतू झोपतबिपत नाय, सरळ आजार होऊ शकतो, कधी डोक्यात जातो, हे मीच आयांना सांगत आलेले. तिच्या छातीच्या फोटोला गेलो तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी सोनालीला खरं सांगितलं, मी गोळ्या घेतल्या नव्हत्या, खुणा खोट्या होत्या. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पोरीला उचललं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

फोटो साफ आला. तरी सहा महिने रोज गोळी, पाण्यात विरघळवून. सोनाली तिला घेऊन माहेरी मुलुंडला गेली, मी कोणत्या तोंडानं अडवणार. डॉक्टर बोलले, तुमचं औषध सुरू झालंय, थोड्या आठवड्यांत तुमच्यापासूनचा धोका जाईल, पण ती चार महिने आली नाय. दवाखान्यातल्या आमच्या मॅडमना पण मी जाऊन खुणांचं सांगितलं. चिडल्या, कार्डं काढून घेतली, बरोबरच केलं त्यांनी. कामावर मात्र ठेवलं.

आता मी झोपलाय म्हणत नाय, दबा धरून बसलाय म्हणते. नवीन डॉक्टर पण बोलले, ताई, लागण आणि आजार ह्या पायऱ्या अशा वेगवेगळ्या नसतात, मधे लय काय असतं, खोकला नसताना पण आत सुरुवात झालेली असते. हे सगळं सांगून झालं की माझं सांगते, खुणांसकट. लाज वाटते, पण बायका गोळी लगेच तोंडात टाकतात.

माझं औषध मागच्या महिन्यात संपलं, थुंकी साफ हाय. आरोहीचं पण संपलं, चालायला लागली, लक्ष मात्र अजून ठेवायचं. सोनाली परत आलीय, पवईला ऑफिसात कामाला जाते, कामापुरतं बोलते. जाताना पोरीला शेजारणीकडं ठेवायची, मी घरात असताना. मी पण कधी मागितली नाय. परवा सकाळी शेजारी न जाता तिनं पोरगी आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी पटकन पदर तोंडाला लावला. ती दारात चपला घालत होती, वळून बोलली, राहू द्या आई, तिला तुमचं तोंड दिसू द्या.