तेतरीची भिंत

लखींदर : काकी, दार लोटा. उजेड आला की माश्या फटीत शिरतात.

बुधनी काकी : नळी तोंडात धरून माश्या ओढायच्या! सरकारनं दुसरं काम नाही दिलं तुला?

लखींदर : जाळी आहे नळीला, पोटात नाही जात. ही बघा, पंख उभे धरून बसलेली. वाळूमाशी. काळा आजार हीच पसरवते.

बुधनी काकी : एवढीशी? माझी लेक, माझी तेतरी, हिनं नेली?

लखींदर : हिच्याच जातीनं. पण काकी, महिन्यापूर्वी तर आम्ही घरात औषध मारलं होतं. तरी तीन भिंतींवर चौदा माश्या?

बुधनी काकी : ओघळ दिसत होते रे औषधाचे. उद्या सून येतेय कोसी नदीपलीकडून, बावीस दिवसांच्या नूनूला घेऊन. तशा भिंती दाखवू? शेणमाती कालवली आणि सारवल्या. कंबर मोडली माझी.

लखींदर : अरे देवा! औषध गेलं की मातीखाली. माश्यांना आयती नवी भिंत.

बुधनी काकी : म्हणजे मीच? नातवासाठी म्हणून केलं आणि...

लखींदर : रडू नका हो. माझ्या आईनंही हेच केलं होतं. थांबा, ही चौथी भिंत बघू दे. इथं एकही नाही! कोपऱ्यातसुद्धा नाही. ही नाही सारवलीत?

बुधनी काकी : ती कशी सारवू? खाली पंजे आहेत ना, पुसटसे? तेतरीचे. सहा वर्षांची होती. छठपूजेला तांदळाच्या पिठात हात बुडवून उठवले, आणि शिव्या खाल्ल्या माझ्या. त्याच थंडीत तापानं धरलं तिला. बारा वर्षं त्या भिंतीला हात नाही लावला मी. तुमच्या माणसालाही म्हटलं होतं, इथं हळू मार बाबा.

लखींदर : म्हणून इथलं औषध शाबूत आहे, काकी.

बुधनी काकी : खरं सांगतोस?

लखींदर : खोटं कशाला बोलू? आज दुपारीच पंप आणतो, तिन्ही भिंती पुन्हा मारतो. आता पावसाळा सरेपर्यंत सारवायचं नाही. ओघळ दिसले तर दिसू देत.

बुधनी काकी : नाही सारवणार. आणि नूनूची खाट?

लखींदर : याच भिंतीला लावा. वर मच्छरदाणी हवीच.

बुधनी काकी : ऐकलंस का गं तेतरे? उद्या भाचा येतोय तुझा. तुझ्याजवळच निजवते त्याला.